चोरपंगत

"काय बंद?" दाराआडून बायकी आवाजात विचारणा झाली.

मी गोंधळले. "बंद म्हंजे? दारच बंद हाय की."

आत चार-पाच माणसं खो खो हसली. "दाराचं न्हाई गं बाई. तुझं काय बंद केलंय डाक्टरनं? साखर, मीठ, तेल, मटण? ते सांगितल्याबिगर हितं कुणाला आत घेत न्हाईत."

"मीठ," मी ठोकून दिलं. तोवर मला धड डोकेदुखीसुद्धा ठाऊक नव्हती. पण रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, आणि त्या दिवशी मी भलतीच रागात होते.

कडी निघाली. मी वाकून आत शिरले आणि अंधाऱ्या पायऱ्या उतरले.

इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या मागाच्या शेडाखालचं ते तळघर. एके काळी तिथं सुताच्या गाठी ठेवत. पुढं माग भंगारात गेले, मालकाची मुलं पुण्याला गेली आणि किल्ली कशी कोण जाणे, शेवंताक्काच्या कनवटीला आली. या शेवंताक्काचा पूर्वी थिएटरच्या बाहेर गाडा होता. रक्ती, मुंडी, वजडी म्हणजे आतडी, भेजा असला सगळा माल. पहिल्या पाळीचे मागवाले सुटले की तिच्या गाड्याला मुंग्यांसारखे चिकटायचे. मग गाडे उठवले गेले. तोवर तिची गिऱ्हाइकंही म्हातारी झाली होती. कुणाच्या छातीत स्प्रिंग बसली, कुणाला साखर झाली, कुणाच्या सुनेनं घरातलं लोणचं कुलपात ठेवलं. अशी तोंडं बांधलेली माणसं गोळा करून आक्कानं दर रविवारी संध्याकाळी या तळघरात जेवण घालायला सुरुवात केली. या पंगतीचं नाव चोरपंगत.

तिचे नियम कडक होते. ताटात साधं, बेताचं, पथ्याचं जेवण. आणि डॉक्टरनं ज्याचं जे बंद केलंय, त्याचा फक्त एक घास. दुसरा मागायचा नाही. एका घासानं कुणी मरत नाही आणि त्या घासाच्या आशेवर माणूस आठवडाभर पथ्य पाळतो, असा आक्काचा हिशेब. आणि घरी कुणी काही बोलायचं नाही.

हा शेवटचा नियम मात्र पाळला जाणं शक्यच नव्हतं. ही सगळी माणसं आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभी राहिलेली. कान कामातून गेलेले. त्यांची कुजबुज दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जायची. आपण फार गुपचूप बोलतोय अशी मात्र प्रत्येकाची पक्की समजूत.

माझे वडीलही त्यातलेच. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. आदल्या दिवशी आण्णा मागच्या अंगणात गेले, फोन तोंडाशी धरला, त्यावर हाताचा आडोसा केला आणि 'हळूच' म्हणाले, "शेवंताक्का! उद्या येतो! घरात कुणाला कळाय नगं!" शेजारच्या भिंतीवर झोपलेलं मांजर दचकून उठलं. मी स्वयंपाकघरात त्यांचं बिनमिठाचं वरण ढवळत होते. पळी तशीच हातात राहिली.

मला राग का आला ते सांगायला हवं.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी आण्णांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. माझा भाऊ दिलीप पुण्याला, त्याचं घर दोन खोल्यांचं. म्हणून मी आण्णांना माझ्याकडं आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हटल्यावर त्यांचा जीव अर्धा झाला. जुन्या वळणाचे होते. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं तरी आधी तिच्या हातावर काहीतरी ठेवणारे. यायला तयार झाले ते एका अटीवर. गावाकडच्या शेतातली ज्वारी त्यांनी पोत्यानं मागवून घेतली. त्यांची भाकरी त्याच ज्वारीची करायची. ते पोतं माझ्या कणगीशेजारी वेगळं उभं असायचं. मी थट्टा करायचे, "आण्णा, तवा माझा चालतो व्हय?" ते हसायचे, पण भाकरी कुठल्या पिठाची आहे हे विचारल्याशिवाय घास तोडायचे नाहीत.

डायलिसिसनं माणूस पिळून निघतो. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी किडनी बदलायचं सुचवलं. दिलीपला साखर, त्याचं जमेना. माझी जुळली. मला तर आनंदच झाला. नवरा कुरकुरला, सासूनं देव पाण्यात घातले, पण मी कुणाचं ऐकलं नाही. माझं पिको-फॉलचं छोटं दुकान होतं, ते बंद ठेवून तपासण्यांना धावले. आण्णा पहिल्यांदा "नगं" म्हणाले. मी रडले, दिलीप फोनवर रडला, मग ते गप्प झाले. आम्ही समजलो, कबूल झाले.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि आण्णांना टायफॉइड झाला. सगळं पुढं गेलं. पुन्हा तारीख ठरली. या वेळी जुलाब आणि सणकून ताप. डॉक्टर माझ्यावर डाफरले. "बाहेरचा एक कण पोटात जाता कामा नये असं बजावलं होतं ना? तुम्ही लक्ष ठेवता की नाही?" मी शपथेवर सांगितलं, पाणीसुद्धा मी उकळून देते. आता तिसरी तारीख होती, येत्या शुक्रवारची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "या वेळी ताप आला तर ऑपरेशन राहू दे, ते त्या तापातूनच उठणार नाहीत."

आणि हे गृहस्थ अंगणात उभं राहून चोरपंगतीचं आवतण पक्कं करत होते.

मी पोटाला चीर द्यायला निघाले आणि या माणसाला आठ दिवस जीभ आवरत नाही, असं मला वाटलं. तोंडावर विचारलं असतं तर मारुतीच्या देवळात भजनाला जातो म्हणून त्यांनी हात झटकले असते. म्हणून ठरवलं, रंगेहाथ पकडायचं. तळघराचा पत्ता त्या कुजबुजींनी गल्लीला कधीच देऊन टाकला होता. त्यांच्या आधी जाऊन बसायचं, आणि त्यांनी ताटात हात घातला की समोर उभं राहायचं.

तर अशी मी त्या तळघरात उतरले. मधोमध एक मोठा दिवा, त्याखाली दोन रांगा. भिंतीला मागाच्या रिकाम्या लोखंडी बिमांची, म्हणजे सूत गुंडाळायच्या मोठ्या रुळांची चवड. कोपऱ्यात दोन शेगड्या आणि मसाल्याचा असा काही वास, की माझा राग क्षणभर पायरीवरच थबकला.

शेवंताक्का उंच, काळी, दातवण लावलेली. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातात पळी दिली. "नव्या माणसानं आधी वाढायचं. पंगतीचं झालं की मग बसायचं."

"मी वाढायला..."

"वाढायला येत न्हाई व्हय? लगीन झालंय नव्हं?"

मी पदर खोचला. काय करणार?

वाढता वाढता मात्र गंमत वाटायला लागली. बाबूमामा नावाचे एक गृहस्थ होते, छातीचं ऑपरेशन झालेलं. त्यांचा घास भेज्याचा. तो त्यांनी जिभेवर ठेवला, डोळे वर गेले, आणि बराच वेळ तोंड हललंच नाही. पलीकडच्यानं विचारलं, "मेलास काय रं?" मामांनी हातानंच गप्प बसायला सांगितलं. साखरवाले एक मास्तर जिलेबीचा एक वेढा हातात धरून त्याच्याकडं नुसतं बघत बसले होते. एकजण 'हळूच' शेजाऱ्याला सांगत होता, "सून म्हणती, मामंजी देवळात जाऊन आल्यावर लई परसन्न दिसतात!" त्यावर सगळं तळघर हसलं आणि आक्कानं पळी आपटली, "हळू बोला की मुडद्यांनो, वरनं माणसं जात्यात!"

पंगत जेवली, पण गप्पांच्या नादात कुणी जागचं उठलं नाही. आण्णा अजून आले नव्हते. डायलिसिसनंतर त्यांची चाल मंदावली होती, वाटेत दोनदा तरी बसत असतील. आक्कानं माझ्यापुढं पितळी ठेवली. भाकरी, आमटी आणि कडेला काळपट तांबडी, कांद्या-खोबऱ्यात परतलेली रक्ती.

"हे काय?"

"बकऱ्याचं रगत. खाऊन बघ, मग तोंड वाकडं कर."

आमच्या घरी असलं काही येत नसे. आण्णांचीच बंदी. मटण खायचे, पण रविवारचं, घरचं, मांडीचं. बाकी सगळ्याला ते आतडी-कातडी म्हणत आणि गाड्यावर खाणाऱ्यांकडं बघूनही त्यांना मळमळायचं. मी भीत भीत घास घेतला. आधी चटणीचा झणका, मग खोबऱ्याचा गोडवा आणि मग ते खरवसासारखं मऊ काहीतरी जिभेवर विरघळलं. मी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला तशी आक्कानं पितळी ओढली. "एक सांगितलाय न्हवं? तुला तीन दिले, नवी म्हणून."

खरं सांगते, त्या घडीला मी राग विसरले होते. शुक्रवार विसरले होते. असलं खायला आण्णा इथं चोरून येत असतील तर त्यांचं तरी काय चुकलं, असंही मनात येऊन गेलं.

मग मी आक्काला खरं सांगितलं. माझं मीठ-बीठ काही बंद नाही, मी बाळकृष्ण सातपुत्यांची मुलगी आणि त्यांना धरायला आलेय.

"बाळूजॉबरची लेक?" तिचा चेहरा फुलला. "मग लपून कशाला? तिखट एवढंच बंद हाय की त्याचं. पोटात आम्लपित्त."

"आम्लपित्त? आक्का, त्यांच्या किडन्या गेल्यात. डायलिसिस चालू हाय. शुक्रवारी ऑपरेशन हाय, मी माझी किडनी देणार हाय त्यांना."

आक्कानं हातातली पितळी खाली ठेवली. "अगं बाई. किडनीवाल्याला मी पंगतीत घेतच न्हाई. एका घासानं बी जातंय त्यातलं माणूस. माझ्यासमोर बसून खोटं बोलला?" मग म्हणाली, "तरीच. खाण्याची तऱ्हाच न्यारी त्याची. बाकीचे कसे चाखत-माखत खात्यात. तुझा बाप डोळं मिटतो आन काढा घेतल्यागत गिळतो. वर आणि मागतो. मी म्हणायची, जिभेला चव न्हाई तर येतोय कशाला?"

मला ते विचित्र वाटलं. पण विचार करायला वेळ मिळाला नाही. दारावर थाप पडली.

"काय बंद?"

"तिखट!" आण्णांचा आवाज.

मी बिमांच्या चवडीमागं सरकले. आक्काला खूण केली, सांगू नका.

आण्णा एकेक पायरी धरून उतरले. पाय सुजलेले, चपलेत मावत नव्हते. स्वच्छ धोतर, भजनाला जाणाऱ्या माणसाचं कपाळभर गंध. मला हसूही आलं आणि भडभडूनही आलं. रांगेत न बसता ते सरळ शेगडीपाशी, म्हणजे माझ्यापासून हातभर अंतरावर आले. इकडंतिकडं पाहिलं आणि आक्काच्या कानाशी वाकून कुजबुजले. ती कुजबुज अर्थात सगळ्या तळघरानं ऐकली.

"आक्का, कालचं काय उरलंय का? शिळं?"

"माझ्याकडं शिळं नसतंय," आक्का म्हणाली. तिची नजर बिमांकडं वळून परत फिरली. "काय करायचंय तुला शिळं?"

"पोट बिघडाय पायजे. शुक्रवारच्या आत. ताप आला तर लईच बरं."

बाबूमामा जागेवरून ओरडले, "का रं बाळू, सोयऱ्याकडं बारसं टाळायचंय व्हय?"

माणसं हसली. आण्णा हसले नाहीत. माणसं पुन्हा आपापल्या गप्पांत बुडाली, तसे ते आणखी खाली वाकले आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात बोलू लागले. "पयल्या बारीला कालव्याचं पाणी प्यालो, तवा टळलं. दुसऱ्या बारीला नाक्यावरच्या गाड्यावर उतरलेली, वास मारणारी वजडी खाल्ली. आता घरात पहारा लई हाय. तुझ्याकडं तीन रविवार खातोय, पण तुझ्या हाताचं काय बाधतच न्हाई बघ. काहीतरी नासलेलं दे."

"टळलं म्हंजे काय टळलं?" आक्कानं विचारलं. ती मुद्दाम विचारत होती, माझ्यासाठी.

"लेकीला कापणार हायत, आक्का. माझ्यापायी. तिच्या पोटातनं काढून माझ्या पोटात घालणार. न्हाई म्हटलो तर रडती. पोरगा रडतोय. कुणाकुणाला समजवायचं? म्हटलं, आपणच बिघडवायचं. लेकीला द्यायचं असतंय गं. जिच्या घरी पाणी पिताना जीव लाजतो, तिच्या पोटात हात घालायचा व्हय मी?"

रांगांतल्या बहिऱ्या कानांवर गप्पांच्या गलक्यात यातलं काही गेलं नाही; मी मात्र सगळं ऐकलं.

"आन तू मेलास म्हंजे?"

"मरतोयच की. पण मग एकटाच मरतो."

मी बिमाला धरून उभी राहिले. सहा महिने मी या माणसावर मनातल्या मनात चिडत होते. टायफॉइड झाला तेव्हा चिडले, जुलाब झाले तेव्हा चिडले, काल अंगणात चिडले. आणि हा माणूस, गाड्यावरचं नुसतं बघूनही ज्याला मळमळायचं, तो डोळे मिटून उतरलेली वजडी गिळत होता. का, तर मला टाका पडू नये.

बाहेर यावं, त्यांच्या गळ्यात पडावं, हात जोडावेत, असं वाटलं. पण त्याचा उपयोग नव्हता. माझा बाप मला ठाऊक होता. मागाचा एक खिळा मनासारखा बसला नाही तर मालक उरावर बसला तरी ते माग चालू करत नसत. मी गळ्यात पडले असते तर "बरं बाळ" म्हणाले असते आणि शुक्रवारी पहाटे गटारीचं पाणी प्याले असते. घरात कोंडलं असतं तर कोंडल्या खोलीत काहीतरी शोधून काढलं असतं. आणि या वेळी तापातून ते उठणार नव्हते. डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या डोक्यात घणासारखं वाजत होतं.

तेवढ्यात आक्काला काय करावं सुचेना म्हणून तिनं त्यांच्यापुढं पितळी ठेवली. त्यात नुसता भात होता. आण्णांनी तो बाजूला सारला, स्वतः वाकून शेगडीवरच्या पातेल्यातली रक्ती पळीनं घेतली, एक पळी, दोन पळ्या, आणि घास उचलला. डोळे मिटले.

मी बिमांमागून बाहेर आले.

"आण्णा."

त्यांनी डोळे उघडले. घास हातातच राहिला. "तू? तू हितं कशी?"

"तुम्हालाच शोधत आले. देवळात गेले तर तुम्ही न्हाई. कुणीतरी सांगितलं, हितं असतात." मी कसंबसं बोलत होते. "आताच आले. एक सांगायचं होतं. घरात सगळ्यांसमोर बोलवंना."

"काय?"

"मला न्हाई जमायचं, आण्णा," मी हळू म्हणाले.

"काय म्हणतीस?" त्यांनी कान पुढं केला.

"मला किडनी न्हाई द्यायची."

"मोठ्यानं बोल की. ऐकू येत न्हाई."

मी आजूबाजूला पाहिलं. दोन रांगा माझ्याकडं बघत होत्या. बाबूमामा, जिलेबीवाले मास्तर, सगळी गावातलीच तोंडं. हळू बोलून भागणार नव्हतं. त्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते वाक्य बोलायचं म्हणजे सगळ्या इचलकरंजीला सांगायचं. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "मी किडनी देणार न्हाई! मला भीती वाटती! मला माझी पोरं हायत, माझा संसार हाय! मला न्हाई मरायचं तुमच्यासाठी!"

शेगडीवरची आमटी तेवढी खदखदत होती.

आण्णांना ऐकू गेलं.

त्यांची सुटका झालेली दिसेल, अशी माझी अपेक्षा होती. दिसलीही. पण त्याच्या आधी, एवढासाच वेळ, त्यांचा खालचा ओठ लटकला. लहान पोराच्या हातातला खाऊ कुणी काढून घेतल्यावर होतं ना, तसं. जे नको म्हणून हा माणूस विष खात होता, ते मी देत नाही म्हटल्यावर त्याला लागलं. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांना कळलं नाही.

मग त्यांनी घास पितळीत टाकला. हात धोतराला पुसला, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं, आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"भ्यायचं काय त्यात, बाळ? आधीच सांगायचं की. मी सांगतो डाक्टरला. तू काय बोलू नगंस."

"पण पथ्य पाळायचं. बाहेरचं काही खायचं न्हाई. पाणी मी देईन तेवढंच."

"न्हाई खात," ते म्हणाले. "आता कशाला खाऊ?"

आम्ही दोघं पायऱ्या चढायला लागलो. मागून बायकी आवाजात कुणीतरी 'हळूच' म्हणालं, "लेक म्हणायची का कोण!" आक्का त्याच्यावर खेकसली. ती दारापर्यंत आली, माझा दंड घट्ट धरला, तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं पुढं मरेपर्यंत ते मिटलेलंच ठेवलं. एवढ्या बोलक्या बाईला ते किती जड गेलं असेल, मला कल्पना आहे.

सकाळपर्यंत गावभर झालं. दिलीपला पुण्याला फोन गेला. तो मला म्हणाला, "तू माझ्या बापाला मारलंस." त्यानंतर तो भाऊबीजेला आला नाही, आजतागायत नाही. नवऱ्यानं मात्र लग्नानंतर पहिल्यांदा मला शहाणी म्हटलं आणि सासूनं पाण्यातले देव बाहेर काढले. त्यांना तरी मी काय सांगणार होते? एकाला सांगितलं असतं तर चार दिवसांत ते आण्णांच्या कानी गेलं असतं, आणि मग पुन्हा कालव्याचं पाणी होतंच.

आण्णांनी शब्द पाळला. असं पथ्य मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. मीठ नाही, पाण्याचा घोट मोजून, आठवड्यातून दोनदा कोल्हापूर. रंग थोडा सुधारला. मेलेल्यांच्या यादीतच आम्ही त्यांना धरलं होतं, पण ते त्या डायलिसिसवरच आणखी काही वर्षं जगले. माझ्या थोरलीचं लग्न त्यांनी पाहिलं. माझ्याच घरी, त्यांच्या पोत्यातल्या ज्वारीची भाकरी खात. डॉक्टर म्हणायचे, नशीब आहे. मी मान हलवायचे.

भेटायला आलेलं माणूस माझ्याकडं एक नजर टाकायचं. ती नजर आण्णा बरोबर ओळखायचे. मग मी चहा ठेवायला आत गेले की ते त्या माणसाकडं वाकून सांगायचे, आणि मला गॅसपाशी शब्द न् शब्द ऐकू यायचा: "तिला काय बोलू नगा. पोरीचा जीव हाय. भिली. माणूस भितंय. मी रागावलो न्हाई, तुम्ही कशाला रागावता?" दर वेळी तेच. दर वेळी मी साखर टाकायला विसरायचे.

शेवटच्या दिवसांत ते हॉस्पिटलात होते. दिलीप आला होता, तो बाहेरच्या बाकावर बसायचा, मी आत असले की आत यायचा नाही. एका दुपारी आण्णांनी मला जवळ बोलावलं. मी त्यांचे पाय दाबत होते.

"उजे," ते म्हणाले, "तुला एक सांगायचं ऱ्हाऊन गेलंय. त्या दिवसाचं तू मनाला लावून घेतलंयस, मला दिसतंय. लावून घेऊ नगंस. तुझं काय चुकलं न्हाई. आन चुकलं असंल तर मी कवाच माफ केलंय तुला."

दारात नर्स उभी होती, शेजारच्या खाटेवरची माणसं बघत होती. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, आण्णा. मला लई दिवस तेच पायजे होतं."